डिलनला बघायला जाताय? आईला नेऊ नका

सगळ्यात आधी डोक्यातून हे काढून टाका की तुम्ही या अमेरिकन गायक-गीतकाराची गाणी ऐकायला चाललाय. गाणी घरी आहेत, मोबाइलवर आहेत, शब्दांसकट आहेत. तुम्ही चाललाय ते एक वाक्य आणायला, "मी बॉब डिलनला लाइव्ह बघितलंय", बास. हे वाक्य आयुष्यभर पुरतं. कोणी मित्र डी. वाय. पाटीलला कोल्डप्लेचं तिकीट मिळालं म्हणून ग्रुपवर नाचत असेल तेव्हा चहाचा कप खाली ठेवायचा, दोन सेकंद थांबायचं आणि हळूच हे टाकायचं. आणि "बघितलंय"च म्हणा हं, "ऐकलंय" म्हणालात तर कोणीतरी विचारेल काय ऐकलं.

मी बघितलं नोव्हेंबर २०२४ मध्ये, लंडनला, रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये. १२, १३, १४ असे तीन दिवस होता तो तिथे, त्यातला एक दिवस. तिकिटं दोन काढलेली, मित्राने आयत्या वेळी कलटी मारली, आणि आई सांगलीहून सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेली होती, म्हटलं तिकीट वाया कशाला घालवा, चल. इथेच चुकलं. बाकी सगळं मी सांगतो तसं करा पण हे एक करू नका. पुतण्याला न्या, बॉसला न्या, एकटे जा आणि शेजारच्या खुर्चीवर जॅकेट ठेवा. आईला नेऊ नका. आणि नेलंच तर तिकीट केवढ्याला पडलं ते सांगू नका. मी सांगितलं नव्हतं, तिने पावती बघून पौंडाला शंभर धरून स्वतःच हिशोब केला आणि हॉलच्या दारात म्हणाली, तेवढ्यात गावच्या घराला रंग झाला असता रे.

दारात तुमचा फोन एका थैलीत घालून थैलीला कुलूप लावतात. थैली तुमच्याकडेच राहते, पण उघडते बाहेर पडतानाच. आईला हे पटकन कळलं, "चपला काढायला लावतात तसं." मला कळायला वेळ लागला, कारण याचा खरा अर्थ असा की फोटो नाही, व्हिडिओ नाही, आणि सगळ्यात भयंकर म्हणजे गाणं ओळखून देणारं शझाम ॲप नाही. गाणं कुठलं चाललंय हे आता तुम्हाला स्वतःच्या कानाने ओळखायचंय. बघा, घाम फुटला ना.

तर ओळखायचं कसं? ओळखायचं नाही. ओळखल्यासारखं करायचं. 'ब्लोइन इन द विंड' तुम्ही कॉलेजच्या गॅदरिंगला तीन कॉर्डवर वाजवलं असेल, 'लाइक अ रोलिंग स्टोन' अमेरिकेला पहिल्यांदा निघालात तेव्हा विमानात ऐकत रडला असाल, तो तुमचा खाजगी प्रश्न आहे, त्याने ही दोन्ही म्हटलीच नाहीत. सतरा गाणी म्हटली, त्यातली निम्मी २०२० च्या अल्बममधली. पहिलंच गाणं 'ऑल अलाँग द वॉचटॉवर', १९६७ चं, जगाला पाठ असलेलं, आणि मी, ज्याने हे गाणं निदान पाचशे वेळा ऐकलंय तो मी, ते ओळखलं तेव्हा ते संपत आलं होतं. चाल वेगळी, ठेका वेगळा, शब्द कुठे लांबवलेले, कुठे चार शब्द एका घासात गिळलेले. आवाज म्हणाल तर वाळूवरून लोखंडी खुर्ची ओढल्यासारखा. मधेच एखादी ओळ अशी स्वच्छ येते की अंगावर काटा, आणि पुढची परत ढगात.

यासाठी एक युक्ती. तुमच्या पुढच्या रांगेत पांढऱ्या केसांची शेंडी बांधलेला एक साहेब असतो, प्रत्येक शोला असतो, मला वाटतं तिकिटाबरोबरच देतात. फोन बंद म्हणून हा कागद-पेन्सिल घेऊन गाण्यांची यादी लिहितो. त्याच्या मानेकडे लक्ष ठेवा. मान हलली की गाणं ओळखलं गेलंय असं समजायचं आणि आपणही डोळे मिटून सवाईच्या मांडवात चाळीस वर्षं बसल्यासारखं "आहा" करायचं. साहेबाच्या आधी करू नका. मी एकदा केलं, तेव्हा गाणं संपलेलं होतं आणि गिटारवाला नुसती गिटार लावत होता.

वाईट वाटून घेऊ नका, ही परंपरा आहे. १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशसाठी कॉन्सर्ट झाली, तिथे रविशंकर आणि अली अकबर खान यांनी सुरुवातीला नुसती वाद्यं लावली तर लोकांनी कडाडून टाळ्या दिल्या, आणि रविशंकर म्हणाले की लावणंच एवढं आवडलं तर वाजवणं त्याहून आवडेल अशी आशा करतो. त्याच दिवशी त्याच स्टेजवर डिलनही गायला होता. आणि तेव्हाचा एक ड्रमर, जिम केल्टनर, ५३ वर्षांनी माझ्यासमोर अल्बर्ट हॉलमध्ये ड्रमवर होता, वय ८२. म्हणजे न कळता टाळ्या वाजवणं पूर्वी आपल्याकडून तिकडे गेलं, आता आपण जाऊन ते परत घेऊन येतोय. फिट्टंफाट.

शब्द कळत नाहीत ही तक्रार तर करूच नका, ती फार जुनी झाली. १९६५ च्या जुलैत न्यूपोर्टच्या फोक, म्हणजे लोकसंगीताच्या, फेस्टिव्हलमध्ये हा पहिल्यांदा इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला तेव्हा ज्येष्ठ लोकगायक पीट सीगर भडकला, आणि नंतर तो कायम हेच सांगत राहिला की मी विजेच्या गिटारवर चिडलो नव्हतो, आवाज इतका फाटत होता की शब्दच ऐकू येत नव्हते, कुऱ्हाड असती तर मी केबल तोडली असती. लोकांनी हुर्यो नक्की कशासाठी केली, गिटारसाठी की खराब साउंडसाठी की तीनच गाण्यांत आटपलं म्हणून, यावर साठ वर्षं अभ्यासक भांडतायत. मग पुढच्या वर्षी मँचेस्टरला त्याच्या शोमध्ये कोणीतरी ओरडलं "जुडास!", म्हणजे आपल्याकडे सूर्याजी पिसाळ म्हणावं तसं. त्या रात्रीची टेप चोरून जगभर फिरली ती अल्बर्ट हॉलची म्हणून, इतकी वर्षं की १९९८ ला कंपनीने ती अधिकृत काढली तेव्हासुद्धा अल्बर्ट हॉल हे नाव अवतरणचिन्हांत टाकून काढली. भक्तांना हॉल कुठला ते माहीत नव्हतं, तुम्हाला गाणं कुठलं ते नाही कळलं तर काय बिघडलं.

अल्बर्ट हॉलचं म्हणाल तर छताकडे बघा, कारण स्टेजकडे बघून फार काही दिसणार नाही. वर मोठमोठ्या तबकड्या टांगल्यात, अळंब्यांसारख्या. १८७१ साली हॉल उघडला तेव्हापासून आत आवाज घुमायचा, प्रत्येक गोष्ट दोनदा ऐकू यायची, शेवटी १९६९ ला या तबकड्या लावून तो घुमारा मारला. डिलन येणार हे माहीत असतं तर राहू दिला असता. दुसऱ्यांदा ऐकून तरी कळलं असतं.

स्टेजवर अंधार. तो पियानोच्या मागे. अधूनमधून डोकं दिसतं. आई पहिली दहा मिनिटं विचारत होती, यातला तो कुठला? मी दाखवलं. मग म्हणाली, सर्दी झालीय का त्याला? मी म्हटलं आवाजच तसा आहे. वय काय? ८३. "८३? आणि या थंडीत रात्रीचा बाहेर? घरचं कोणी नाही का त्याला?" मागची बाई शूऽऽ म्हणाली. मी हळू आवाजात सांगितलं की अगं हा १९८८ च्या जूनपासून सलग फिरतोय, याच्या टूरला लोक कधीच न संपणारी टूर म्हणतात, २०१९ मध्ये ऑस्ट्रियात त्यातला तीन हजारावा शो झाला. तर म्हणाली, तेच म्हणते मी, कोणी सांगणारं नसेल.

इथे मला न्यू जर्सीतला किस्सा आठवला, तो तुम्हीही मध्यंतरासाठी लक्षात ठेवा (मध्यंतर नसतं, पण लक्षात ठेवा). २००९ मध्ये हा भर पावसात एकटाच लाँग ब्रांच नावाच्या गावात हिंडत होता, कोणाच्या तरी अंगणात डोकावला, त्यांनी पोलिसांना फोन केला. तरुण पोलिसीणबाई आली, नाव काय? बॉब डिलन. तिने गाडीत घातलं आणि टूरच्या लोकांकडे नेऊन खात्री करून घेतली की खरंच हा तोच आहे का. भक्तमंडळी हा किस्सा आजच्या पिढीला काही माहीत नसतं म्हणून सांगतात. आईला सांगितला तर ती म्हणाली, गुणी पोरगी, बघ, घरी पोचवलं.

आता बाहेर पडल्यावर लोक विचारणार, आवाज राहिलाय का? याला एकच उत्तर, नोबेल. २०१६, साहित्याचं. पुढे बोलू नका, समोरचा गप्प होतो. फार वाद घालायला लागला तर सांगा की नोबेल जाहीर झालं त्या रात्री लास व्हेगासला त्याचा शो होता आणि त्याने स्टेजवर त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, दोन आठवडे अकादमीचा फोन घेतला नाही, तिथला एक सदस्य वैतागून उद्धट आणि गर्विष्ठ म्हणाला, डिसेंबरच्या समारंभाला गेला नाही, गायिका पॅटी स्मिथने त्याचं गाणं म्हटलं आणि ती मधेच शब्द विसरली, आणि ती सुद्धा सगळ्यांना आवडली. बघा, याच्या गाण्यात शब्द न येणं हा अडथळा कधीच नव्हता. मी हे सगळं आईला ट्यूबमध्ये, म्हणजे लंडनच्या मेट्रोत, ऐकवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, साहित्याचं मिळालं ना, मग लिहून द्यायचं, गायचं कशाला.

मराठी मित्रमंडळींत जाल तर नोबेलपेक्षा ग्रेस जास्त चालतात. कोणी म्हणालं कळत नाही, की म्हणायचं "ग्रेस तरी कुठे कळतात?" मग सगळे दोन मिनिटं गंभीर होतात, एक जण "भय इथले संपत नाही" गुणगुणायला लागतो, तेही मालिकेमुळे पाठ असतं, आणि तुमच्यावरचं लक्ष उडतं. मी हे तीन वेळा वापरलंय.

काही बारीकसारीक. सही केलेली वस्तू घ्यायचा मोह झाला तर २०२२ आठवा, त्याच्या पुस्तकाच्या ९०० प्रती स्वतःच्या हाताने सही केल्या म्हणून ५९९ डॉलरला विकल्या, आणि लोकांनी इंटरनेटवर एकमेकांच्या सह्या शेजारी ठेवून बघितल्या तर हुबेहूब, मशीनने केलेल्या. पैसे परत मिळाले, त्यानेही चक्कर येण्याचा आजार होता म्हणून चूक झाली असं सांगून माफी मागितली. माझ्या मते तरीही ती प्रत घ्यावी. त्याचं नाव स्पष्ट वाचता येईल असं दुसरं काय मिळणार आहे. दुसरं, तो तुमच्याशी बोलेल अशी अपेक्षा नको. "लंडन, कसे आहात" वगैरे काही नाही. शेवटी वन्स मोअर नाही. शेवटचं गाणं झालं, दिवे लागले, संपलं. लोक उभं राहून टाळ्या वाजवतच होते, आई म्हणाली चल, नाहीतर गाडीला गर्दी होईल.

ते शेवटचं गाणं 'एव्हरी ग्रेन ऑफ सँड', १९८१ चं. त्यात त्याने हार्मोनिका घेतली. मी साहेबाच्या मानेकडे बघत होतो, ती हललीच नाही, पेन्सिलही थांबलेली, त्यामुळे मला काय करायचं ते सुचेना आणि मी चक्क ऐकत बसलो. याबद्दल जास्त सांगत नाही, सल्ल्यात बसत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, फेसबुक पोस्ट. फोटो नाही त्यामुळे शब्दच लागणार. मी दुसऱ्या दिवशी सकाळी बसलो, "अनुभूती" लिहिलं, खोडलं, "एका युगाचा" लिहिलं, खोडलं. दीड तास गेला. स्वयंपाकघरात आई मावशीशी व्हॉट्सॲपवर बोलत होती, स्पीकर चालू. "अगं म्हातारा होता गं एक, पियानोमागे, डोकं तेवढं दिसायचं. काय म्हणत होता देव जाणे. पण शेवटी माउथ ऑर्गन काढला ना, मला एकदम अण्णांची आठवण झाली. त्यांचा आवाज गेला होता शेवटी शेवटी, तरी पहाटे अभंग म्हणायचेच. कोणाला कळो न कळो. तस्सं."

असं काही घरात कानावर पडलं तर लगेच टाइप करून घ्या. फक्त माउथ ऑर्गनचं हार्मोनिका करा, अण्णांच्या जागी अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमन घाला, आणि आईला टॅग करू नका.