आईला ओपेथ आवडला, तिथंच घात झाला

मेटल म्हणजे कर्कश गिटारींचं रॉक संगीत ऐकणाऱ्याला घरात एक फार मोठं संरक्षण असतं. त्याची गाणी दुसरं कुणी मागत नाही. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात हे संरक्षण मी कॉलेजपासून उपभोगत होतो. ओपेथ या स्वीडिश मेटल बँडचा गायक मिकाएल ओकरफेल्ट पोटातून गुरगुरायला लागला की आई स्वयंपाकघरातून विचारायची, "त्येला काय दुखालंय रे?" गल्लीतली मंडळी "बारीक कर की भावा" म्हणून ओरडायची. विसर्जनाला महाद्वार रोडवर छातीत धडधड उठवणाऱ्या साऊंडसमोर पहाटेपर्यंत नाचणारी मंडळी हीच, एवढं आपलं नोंदवून ठेवतो.

मग 2011 साली ओपेथचा 'हेरिटेज' हा अल्बम आला. गुरगुर बंद. गडी सरळ गळा मोकळा सोडून गायला लागलेला, मागे सत्तरच्या दशकातल्यासारखा मेलोट्रॉन नावाचा जुना कीबोर्ड, आणि एका गाण्यात चक्क बासरी. जगभरचे चाहते कपाळाला हात लावून बसले. मीही बसणारच होतो, तेवढ्यात आई हातात उलथनं घेऊन दारात आली. "आत्ता कसं माणसागत गातोय. ऱ्हाऊ दे, बंद नको करू."

चाहत्यांनी अल्बमवर काय वाट्टेल ती टीका केली असेल, पण याहून वाईट अभिप्राय कुणी दिला नसेल.

त्या दिवसापासून मेथी निवडताना ओपेथ, शेंगा फोडताना ओपेथ. वडील पेपर वाचता वाचता "तो स्वीडनवाला लाव" म्हणायला लागले. काळा टीशर्ट घालून मी ज्या घराशी बंड पुकारलं होतं, ते घरच बँडला फितूर झालं.

रंकाळ्यावर मित्राकडे दुःख मोकळं करावं, तर तो मेटॅलिका या अमेरिकन मेटल बँडचा भक्त. 1996 साली 'लोड' अल्बमच्या वेळी त्या चौघांनी केस कापले, तो घाव त्याला अजून भरून आलेला नाही. त्यावर 2003 चा 'सेंट अँगर': गिटारचे सोलो गायब आणि स्नेअर ड्रम म्हणजे पत्र्याचा डबा. "आणि त्याच नावाच्या गाण्याला ग्रॅमी दिलं रे त्यांनी!" असं म्हणून तो कणसाच्या गाडीकडे वळला. त्याच्यापुढं माझं दुःख किरकोळ होतं.

शेवटी शेजारचे काका. देवल क्लबातली शास्त्रीय गाण्याची मैफल सहसा न चुकवणारे. ते म्हणाले, "अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज गेला, तेव्हा त्यांनी सगळी गायकीच नव्यानं बांधली. शाहू महाराजांनी दरबारात ठेवलं ते त्या गायकीला. तुझ्या माणसानं काय जगावेगळं केलं?"

"काका, खाँसाहेबांचा नाइलाज होता. याचा घसा शाबूत आहे. पूर्वी कसा गायचा हो! आता पूर्वीसारखं राहिलं नाही."

काकांचे डोळे चमकले. हे वाक्य ते स्वतः गेली कित्येक वर्षं प्रत्येक नव्या गवयाबद्दल म्हणत आलेत. त्यांनी उठून मला चहा ओतून दिला. काळ्या टीशर्टातल्या माणसाला त्यांनी स्वतःहून चहा विचारल्याची ही पहिलीच वेळ.

पुढचे तीन अल्बमही गुरगुरीशिवायच गेले. आणि नोव्हेंबर 2024 मध्ये 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट' आला. पहिल्याच गाण्यात तो जुना, पोटातला आवाज! मी दार लावून, आवाज वाढवून, डोळे मिटून बसलो. गेलेलं राज्य परत आलं होतं.

दारावर थाप. "त्येचा घसा बसलाय जणू. ज्येष्ठमध धरायला सांग."

मी ऐटीत सांगितलं, हे असंच असतं, तुला नाही कळायचं. यात गोष्ट आहे. पहिल्या महायुद्धानंतरचा काळ, एक श्रीमंत म्हातारा मरतो, वाड्यात त्याच्या मृत्युपत्राचं वाचन चालतं. गाण्यांना नावंसुद्धा नाहीत, नुसती कलमं, एक ते सात. शेवटच्या आठव्याला तेवढं नाव. जुळी भावंडं बसलीत, आणि त्यांच्यात घरानं सांभाळलेली एक पोलिओ झालेली अनाथ पोर. हिला वाचनाला का बोलावलं, म्हणून जुळ्यांना संशय.

इथं मी थांबायला हवं होतं. आमच्या वडिलांची चुलतभावांशी उसाच्या रानावरून तारीख पडते आहे, हे उत्साहाच्या भरात ध्यानात राहिलं नाही. आई पाट ओढून बसली. वडील पेपर सोडून आले. आता तो गुरगुरतो आणि मी कलमवार मराठी करून सांगतो, असा आमच्याकडे रात्रीचा कार्यक्रम सुरू झालाय. गुरगुरीची आता कुणाचीच तक्रार नाही. एवढ्या इस्टेटीचा मामला म्हटल्यावर माणूस ओरडणारच, असं आईचं मत.

"साक्षीदार कोण हाईत?" तिनं काल तिसऱ्या कलमाला विचारलं.

"ते नाही सांगितलेलं."

"मग टिकत नाही," वडील म्हणाले. "मागं घे, परत लाव."