कितव्यांदा?

आमच्या घरात थापा मारायची परंपरा संगीत नाटकापासून सुरू झाली. आजोबा सांगायचे, ‘८ जुलै १९२१ चं संयुक्त मानापमान मी या कानांनी ऐकलंय.’ बालगंधर्वांची भामिनी, केशवराव भोसल्यांचा धैर्यधर, टिळक स्वराज्य फंडासाठी लावलेला प्रयोग, सगळं असं रंगवायचे की त्यांचेच डोळे भरून यायचे. ते गेल्यावर पेन्शनच्या कागदांत जन्मतारीख सापडली. १९१९. म्हणजे त्या रात्री आजोबा दोन वर्षांचे होते आणि वेंगुर्ल्यात कुणाच्या तरी मांडीवर झोपले होते.

तेव्हा ‘संगीत देवबाभळी आपण पाहिलंय’ असं मी चार वर्षं सांगत होतो, त्यात दोष माझ्या एकट्याचा नाही.

नाटक २०१७ च्या डिसेंबरात आलं. आमची ही भिशीच्या बायकांबरोबर बघून आली आणि दोन दिवस घरात कुणाशी बोलली नाही. मला वाटलं, भिशीत काहीतरी बिनसलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, ‘अहो, तुम्ही बघाच.’ मी म्हटलं, ‘बघू की.’ आता ‘बघू की’ म्हणजे काय हे लग्नाला वीस वर्षं झालेल्या बाईला सांगावं लागत नाही. कधी ऑडिट आलं, कधी मुलाची बारावी, कधी नुसताच कंटाळा. शेवटी १० जुलै २०१९ ला मी ‘ऑफिसच्या लोकांबरोबर ठाण्याला देवबाभळीला जातोय’ असं सांगून घराबाहेर पडलो आणि मित्राकडे वर्ल्डकपची सेमीफायनल बघायला गेलो. धोनी रनआउट झाला. घरी आलो तेव्हा डोळे सुजलेले. हिने दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि न बोलता पाणी आणून दिलं. त्या पाण्याबरोबर थाप पक्की झाली.

पुढे करोनात नाट्यगृहंच बंद पडली, ती उघडली, नाटक पुन्हा सुरू झालं आणि मी निवांत होतो. नाटकं काय, चालूच असतात. किर्लोस्करांचं ‘सौभद्र’ १८८२ पासून कुठे ना कुठे चालूच आहे. शिवाय जाहिरातीतल्या ‘शेवटचे काही प्रयोग’ या शब्दांवर मराठी माणूस फारसा विश्वास ठेवत नाही. त्या ‘काही’त आमची एक पिढी मोठी झाली.

पण २०२३ मध्ये जाहीर झालं की २२ नोव्हेंबरला षण्मुखानंदला शेवटचा प्रयोग. दुसऱ्या दिवशी कार्तिकी एकादशी. हिने तिकिटं काढूनच मला सांगितलं. ‘माझी पाचवी वेळ. तुमची दुसरी.’

‘हो,’ मी म्हणालो.

प्रसंगाला शोभेल म्हणून दिवाळीत घेतलेली कोल्हापुरी घातली. नवीकोरी, तेल न पाजलेली. शीव स्टेशनवरून हॉलपर्यंत जाईस्तोवर उजव्या टाचेला फोड आला. शिवाय ती करकरत होती. रस्त्यावर ते रुबाबदार वाटलं. नाट्यगृहात काय वाटेल याचा विचार केला नाही.

दारापाशी जी गर्दी होती ती प्रेक्षकांची नव्हती, दिंडी होती. फक्त टाळ नव्हते. कुणी कुणाचं नाव विचारत नव्हतं, गाव विचारत नव्हतं. एकच प्रश्न: ‘कितव्यांदा?’ एक काकू अभिमानाने म्हणाल्या, ‘चौदाव्यांदा.’ त्यांच्या मागचे गृहस्थ म्हणाले, ‘माझी नववी, पण दोनदा पहिल्या रांगेत,’ आणि काकूंचा चेहरा जरा उतरला. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

‘मोजलं नाही हो,’ मी म्हणालो. ते खोटं नव्हतं. शून्य कशाला मोजायचं?

षण्मुखानंदला पावणेतीन हजारांच्या आसपास खुर्च्या आहेत आणि आमच्या दोन अगदी वरच्या बाल्कनीत होत्या. जिने संपेनात. प्रत्येक पायरीला माझी कोल्हापुरी कर्र, आणि मागून कुणीतरी श्श. वरून रंगमंच काडेपेटीएवढा दिसत होता. चौदावाल्या काकू नेमक्या माझ्या शेजारी आल्या.

पडदा उघडला आणि पाच मिनिटांत माझ्या लक्षात आलं की नाटक बघायची गरजच नाही, काकूंकडे बघितलं की पुरे. त्या प्रसंगाच्या दोन वाक्यं आधी रडायच्या. त्यांच्या पर्सची चेन वाजली की समजायचं, पुढे काहीतरी आहे, रुमाल येतोय. मीही चेनच्या आवाजावर सुस्कारे टाकायला लागलो. काकूंनी एकदा माझ्याकडे आदराने पाहिलं.

गोष्ट ऐकून माहीत होती. तुकोबा डोंगरावर, आवली त्यांना शोधत रानात, पायात बाभळीचा काटा. तो काटा विठोबा काढतो आणि तिची सेवा करायला रखुमाईलाच लखुबाई करून पाठवतो. आता ज्याच्या टाचेला फोड आलाय त्याने आवलीचा पाय बघत बसायचं, म्हणजे काय ते विचारू नका. मी हळूच चपला काढल्या आणि खुर्चीखाली सरकवल्या. माझ्यासाठी कोण लखुबाई येणार होती? शेजारी ही बसली होती, पण तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.

मध्यंतरात चहाच्या रांगेत नववाले गृहस्थ भेटले. काहीतरी जाणकारासारखं बोलावं म्हणून मी म्हणालो, ‘दोघींची कामं अप्रतिम. पण विठोबा अजून आला नाही. त्याचं काम कोण करतो?’

रांग थांबली. पुढच्या माणसाचा चहाचा कप अर्ध्यावर थांबला. सहा वर्षं अख्खा महाराष्ट्र जे दोन बायकांचं नाटक बघत होता, त्यात तिसरं पात्रच नाही, हे त्या क्षणी मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

मागून ही म्हणाली, ‘दरवेळी हाच विनोद करतात हो.’

सगळे हसले. नववाले तर माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, ‘खरंय, तो न येताच सगळं करतो.’ मी घोट घेतला आणि जीभ भाजली.

दुसऱ्या अंकात मी पर्सच्या चेनकडे लक्ष ठेवायचं विसरलो. इतक्या वरून चेहरे दिसत नव्हते, पण शुभांगी सदावर्तेंची आवली त्या काळ्याला शिव्या घालत होती आणि मानसी जोशींची लखुबाई त्या मुकाट ऐकून घेत होती. तिच्याच नवऱ्याला शिव्या, आणि ते सांगायची सोय नाही. एकीचा नवरा दुसरीच्या नवऱ्याच्या नादी लागलेला. दोघी संसाराचं बोलत होत्या, आणि मधेच बोलण्याचं गाणं कधी व्हायचं ते कळायचं नाही. एका जागी सगळं शांत झालं. पावणेतीन हजार माणसं, आणि कुणी खोकलंसुद्धा नाही. नाट्यगृहात न खोकणारी माणसं मी तोवर पाहिली नव्हती. माझा रुमाल ओला झाला होता. तो कधी काढला ते आठवत नाही. काकूंनी त्यांचा दुसरा माझ्यापुढे केला. चौदा प्रयोगांचा अनुभव. त्या दोन घेऊन येतात.

पडदा पडला. सगळे उभे राहिले आणि कुणी हलेना. मीही उभा राहिलो, अनवाणी. टाळ्या वाजवता वाजवता पायाने चपला चाचपल्या. डावी सापडली. उजवी नव्हती. मी खाली वाकलो, मग गुडघे टेकले, मग पुढच्या खुर्चीखाली हात घालण्यासाठी जवळजवळ आडवाच झालो. कपाळ जमिनीला लागलं. पाठीवर कुणाचा तरी हात आला. ‘बघा,’ काकू भरल्या आवाजात कुणाला तरी सांगत होत्या, ‘याला म्हणतात रसिक.’

मी वर बघितलं तर पलीकडच्या आजोबांनीही वाकून जमिनीला हात लावून कपाळाला लावला होता. त्यांच्यामागे एका मुलीने. आता चपलेचं नाव काढणं शक्य नव्हतं. मी आणखी थोडा वेळ तसाच राहिलो.

उजवी कोल्हापुरी मिळाली नाही ती नाहीच. एक चप्पल हातात, असा मी शीव स्टेशनपर्यंत चालत गेलो. प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर ही म्हणाली, ‘पाय वर घ्या.’ फोड फुटला होता. तिने पर्समधून रुमाल काढून टाचेला बांधला आणि गाठ मारता मारता, मान वर न करता म्हणाली, ‘धोनीपेक्षा आज जास्त रडलात.’

मी बराच वेळ इंडिकेटरकडे बघत राहिलो.

‘तुला माहीत होतं?’

‘शर्टाला भज्यांचा वास येत होता.’

‘मग चार वर्षं बोलली का नाहीस?’

‘म्हटलं, कधीतरी बघाल.’

गाडी आली. आम्ही उठलो. ती फास्ट होती, थांबली नाही.