फार जपलेली गाडी

“गेली आठ वर्षं गाडी गॅरेजबाहेर काढलेलीच नाही,” असं विकणारे आजोबा अभिमानाने सांगू लागले, की कॉफी प्यावी, आभार मानावेत आणि किंमत अडीच हजार युरोंनी पाडून मागावी. आठ वर्षं उभ्या असलेल्या गाडीत पेट्रोलचे रबरी पाइप तडकलेले असतात, ब्रेकचे कॅलिपर धरलेले असतात, टायर दगड झालेले असतात आणि इंजिनाची सिलं वाळून कडक झालेली असतात. पत्रा तेवढा झकास असतो. आणि आपण पत्र्यालाच भुलतो.

जर्मनीत स्टुटगार्ट आणि आसपासच्या गावांत पुण्या-पिंपरीहून आलेले आम्ही इंजिनिअर लोक दिवसा इलेक्ट्रिक गाड्यांच्या बैठका झोडतो आणि रात्री जेवणं आटोपली की पोर्शे ९४४ या जुन्या स्पोर्ट्स कारच्या जाहिराती चाळतो. पोर्शेची प्रसिद्ध ९११ परवडत नाही, हे खरं कारण. चारचौघांत मात्र आम्ही वजनाच्या विभागणीवर बोलतो. तेही खोटं नाही म्हणा: इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी आणि दोघांना जोडणारी मध्ये एक लांब नळी, त्यामुळे पुढे-मागे वजन जवळजवळ निम्मं-निम्मं पडतं आणि वळणावर गाडी कुठेही कुरकुरत नाही. कुरकुर बाकी सगळीकडे आहे. १९८२ ते १९९१ या काळात ही गाडी निघाली, तीही बहुतांश पोर्शेच्या गावी, स्टुटगार्टला नव्हे तर नेकार्सउल्मला, ऑडीच्या कारखान्यात. अडीच लीटरचं चार सिलिंडरचं इंजिन, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसेल तर १६३ अश्वशक्ती. ‘गृहिणींची पोर्शे’ म्हणून जर्मन लोक तिला हिणवायचे. हिणवोत बापडे. मागे दोन सीटा आहेत असं कागदोपत्री आहे. प्रत्यक्षात तिथे तांदळाची एक पिशवी आणि एक नाराज भाचा मावतो.

गाडी बघायला जाताना चांगले कपडे घालू नयेत, कारण खाली झोपायचं आहे. बरोबर टॉर्च आणि रंगाची जाडी मोजायचं यंत्र घ्यावं. कारखान्यातला मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. ३०० दिसलं तर पुन्हा रंगवलेली आहे, हजाराच्या वर गेलं तर आत लांबी (पुट्टी) भरलेली आहे. बॉडीला जस्ताचा मुलामा असतो म्हणून गंज लागत नाही, असं सांगणारे बरेच भेटतात. त्यांना दाराखालच्या पट्टीच्या मागच्या टोकाशी, चाकाच्या कमानीजवळ, बोटाने ठोकून दाखवा. टण्‌ असा आवाज आला पाहिजे. ठप्‌ आला तर निघा. साध्या आठ व्हॉल्व्हच्या गाडीत बॅटरी काचेखाली, इंजिनाच्या मागे बसते. तिचं ॲसिड सांडून खालचा ट्रे खातं, ट्रेला भोक पडलं की पावसाचं पाणी थेट आत गालिच्यात. म्हणून पायाखालचा गालिचा हाताने दाबून बघा, वासही घ्या. मालक विचित्र नजरेने बघेल, बघू दे.

येण्याआधी गाडी सुरू करू नका, असं फोनवरच बजावून ठेवावं आणि पोचल्यावर आधी बोनेटला हात लावावा. गरम लागलं तर थंड इंजिनाचं काहीतरी लपवायचं आहे. मग कुलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, टाकीचं झाकण उघडा. आत मस्तानीसारखं घट्ट काही दिसलं, तर ऑइल कूलरची सिलं गेली आहेत आणि ऑइल पाण्यात मिसळतंय. नशीब बरं असेल तर सिलांवर भागतं, नसेल तर इंजिनाच्या डोक्याखालचं मोठं सील, हेड गॅस्केट. ऑइल प्रेशरचा काटा गरम इंजिनाला, उभ्या गाडीत दोन बारच्या आसपास आणि चार हजार आरपीएमला चार बारच्या आसपास राहायला हवा. किलोमीटरच्या आकड्यावर मात्र अजिबात विश्वास ठेवू नये. ओडोमीटरमधलं प्लास्टिकचं इवलंसं दातेरी चाक वयाने चिरतं. गाडी चालू असताना ट्रिपचं बटण दाबलं तर हमखास. आकडा तिथेच थांबतो. ‘फक्त १,२८,००० किलोमीटर’ असं जे लिहिलेलं असतं, ते कोणत्या साली, हे विचारावं.

थोडक्यात, विकत घ्यायची ती बिलांची फाइल; गाडी त्याबरोबर येते. फाइलमध्ये सगळ्यात आधी टायमिंग बेल्टचं बिल शोधायचं. ‘बेल्ट बदललेत, मी सांगतो ना,’ याला बिल म्हणत नाहीत.

बेल्टांचं प्रकरण जरा नीट समजून घ्या, कारण पगार तिथे जातो. या इंजिनाला दोन बेल्ट. एक, म्हणजे टायमिंग बेल्ट, व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट आणि वॉटर पंप फिरवतो. दुसरा दोन बॅलन्स शाफ्ट फिरवतो, जे इंजिनाच्या दुप्पट वेगाने फिरून चार मोठ्या सिलिंडरची थरथर मारतात. (या शाफ्टांच्या युक्तीसाठी पोर्शेने मित्सुबिशीला परवान्याचे पैसे मोजले होते. स्टुटगार्टमध्ये हे मोठ्याने बोलू नये.) पहिला बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात आणि गाडीच्या किमतीएवढं बिल होऊ शकतं. दुसरा बेल्ट तुटला तर तो पहिल्यात अडकून त्यालाही नेतो. म्हणून ४५-५० हजार किलोमीटर किंवा चार वर्षं, जे आधी होईल तेव्हा दोन्ही बदला. वर्षाला दोन हजार किलोमीटर चालवणाऱ्याला चार वर्षांचा नियम फार लागतो. “आठच हजार तर झालेत,” असं म्हणून वाद घालावासा वाटतो, पण रबराला किलोमीटर कळत नाहीत.

बेल्ट काढलेच आहेत तर रोलर, टेन्शनर, वॉटर पंप आणि पुढची सगळी सिलं त्याच खेपेला बदलावीत. हे ‘काढलंच आहे तर’ पुढे गाडीभर पसरतं, ही वेगळी गोष्ट. नवा बेल्ट ताणतो, त्यामुळे दोन-तीन हजार किलोमीटरनंतर ताण पुन्हा तपासावा लागतो. त्यासाठी पोर्शेचं खास मापक आहे. काही मिस्त्री बेल्ट चिमटीत धरून पिळून बघतात आणि मान डोलावतात. मान कुणाचीही डोलते. मापक वापरणारा शोधा.

क्लचबद्दल एवढंच सांगतो की मूळ क्लच प्लेटच्या मधोमध रबर असतं, ते म्हातारपणी तुकडे होऊन बाहेर येतं, आणि प्लेटपर्यंत पोचायला सायलेन्सर, गिअरबॉक्स आणि ती लांब नळी, सगळं मागे सरकवावं लागतं. मजुरी १२ ते १५ तासांची. तिथे नवी प्लेट स्प्रिंगवालीच टाका.

आता डीएमई रिले. काडेपेटीएवढा डबा, आत विजेचा स्विच. इंजिनाच्या कॉम्प्युटरला आणि पेट्रोल पंपाला, दोघांनाही हाच वीज देतो. आतल्या सोल्डरला बारीक चिरा पडतात आणि भर उन्हात, गरम गाडीत, बहुतेकदा पेट्रोल पंपावर रांग लावून ती सुरू व्हायचं नाकारते. मागचा माणूस हॉर्न देत नाही, तो जर्मन असतो. नुसता बघतो, ते जास्त वाईट. अशा वेळी स्टार्टर मारताना आरपीएमच्या काट्यावर लक्ष ठेवा. काटा जरा जरी हलला तर सिग्नल येतोय, गडबड पेट्रोलच्या बाजूला आहे. काटा मेल्यासारखा पडून असेल तर रिले गेला किंवा फ्लायव्हीलजवळचे दोन सेन्सर. त्यातल्या एकाची फट ०.८ मिलिमीटरच लागते आणि दोघांचेही कनेक्टर हात लावला की चुरा होतात. रिलेच्या सॉकेटमध्ये ३०, ८७ आणि ८७बी या तीन पिना वायरने जोडून घरापर्यंत येता येतं. मात्र अशी जोडणी केली की किल्ली काढली तरी पंप चालूच राहतो, तेव्हा पोचल्यावर वायर उपटायची. त्यापेक्षा नवा रिले ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवावा. ग्लोव्हबॉक्समध्ये दोन रिले असलेला माणूस दिसला तर समजावं, बरीच वर्षं ९४४ बाळगून आहे.

पॉवर स्टिअरिंगचं ऑइल गळतंच. इथल्या इमारतींमध्ये पार्किंग आणि जिना झाडण्याची पाळी असते. तुमच्या जागेवरचा तपकिरी ठिपका शेजारच्या काकूंच्या पाळीच्या दिवशीच पडतो. खाली पुठ्ठा टाका आणि तो काकूंच्या आधी बदला. इमारतीच्या आवारात गाडी उघडून बसायला बहुधा मनाई असते, रविवारी तर आवाजच करायचा नाही. त्यासाठी तासावर भाड्याने लिफ्ट देणारी गॅरेजं आहेत. इंजिन ऑइल, सुमारे सहा लीटर, जिथून विकत घ्याल तिथेच जुनं तेवढंच परत घेणं दुकानदाराला कायद्याने बंधनकारक आहे. पावती मात्र जपा.

गाडी ३० वर्षांची झाली आणि मूळ रूपात असली तर ऐतिहासिक गाड्यांची ‘एच’ नंबरप्लेट मिळते. मग वार्षिक कर सरसकट १९१ युरो. वाचलेल्या पैशांत बेल्टाचा एक रोलर येतो.

हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून एप्रिल ते ऑक्टोबरचीच हंगामी प्लेट घ्यावी. उभी करण्यापूर्वी ऑइल बदला, टाकी काठोकाठ भरा, टायरमध्ये हवा तीन बारपर्यंत चढवा, हँडब्रेक सोडा, बॅटरी काढून चार्जरवर लावा. मायेपोटी दर रविवारी पाच मिनिटं सुरू करून बंद करू नका. इंजिन नीट तापत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साठून तो आतून सडतो. एप्रिलमध्ये पहिला स्टार्ट मारण्याआधी डीएमई रिले काढून घ्यायचा आणि ऑइल प्रेशरचा काटा उचलेपर्यंत दहा-दहा सेकंद स्टार्टर मारायचा, म्हणजे कोरड्या बेअरिंगवर इंजिन पेटत नाही. मग रिले परत बसवायचा. वसंतात टोइंगवर लादून गॅरेजला आलेल्या ९४४ च्या मालकाला मिस्त्री आधी खिसे तपासायला लावतो, ते याचसाठी.