मेलेल्या शिपायाची पेन्शन

आयर्लंडमधून ऑस्ट्रेलियाला पाठवलेल्या कैद्यांचा विषय निघाला की बंडखोरांचीच आठवण काढली जाते. 1798 च्या उठावातले लोक, 1867 साली 'हूगोमोंट' जहाजातून गेलेले 62 फेनियन, म्हणजे ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठलेले आयरिश क्रांतिकारक. त्यांचा मान त्यांना मिळायलाच हवा. माझा जीव मात्र तुटतो तो पेन्शनच्या खोट्या कागदापायी काळ्या पाण्यावर गेलेल्या साध्या माणसांसाठी. त्यांची गाणी कोणी रचली नाहीत.

1830 च्या सुमारास ब्रिटिश फौजेतल्या दर पाच शिपायांमागे साधारण दोन आयरिश होते. घरी जमीन नाही, पोटाला नाही, म्हणून गेलेले. म्हातारा किंवा जायबंदी होऊन परतलेल्याला थोडी पेन्शन मिळे. ती घ्यायची तर मी तोच, मी जिवंत आहे, असं शपथेवर सांगावं लागे. आपल्याकडचा हयातीचा दाखलाच म्हणा. फोटो नाही, ठसे नाहीत. लिहिता येत नसेल तर सहीऐवजी फुली. शेजारचा म्हातारा मेला आणि त्याचे कागद हाती राहिले, की तोतया उभा करणं अवघड नव्हतं.

आणि शिपाई मेला की पेन्शन बंद. साध्या शिपायाच्या विधवेला सरकार काही देत नसे. त्याच्या तुकडीमागून वणवण केलेली बाई एका दिवसात उघड्यावर. अशा बाईनं नवऱ्याचं मरण दडवलं तर तिला लबाड म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

"चोरी ती चोरीच" असं कोणी म्हणेल. मान्य, सगळेच काही लाचार नव्हते. दुसऱ्यांचे कागद गोळा करून पैसे उचलणारेही असणार. पण शिक्षा बघा. हद्दपारी सात वर्षांची, चौदा वर्षांची किंवा जन्माची. मुदत संपल्यावर परतीचं भाडं कैद्यानंच उभं करायचं. ते कुठून आणणार? म्हणजे सात वर्षं ही कागदावरच, गाव कायमचं सुटलं.

कागदावरून आठवलं. आयर्लंडहून थेट निघालेलं पहिलं कैदी जहाज 'क्वीन' 1791 साली सिडनीला पोचलं, तेव्हा कोणाला किती शिक्षा याची यादीच सोबत नव्हती. ती यायला वर्षं लागली. आपली मुदत संपली हे माणसानं सिद्ध कसं करायचं? खोट्या कागदाला समुद्रापार धाडणाऱ्या सरकारनं स्वतःचा खरा कागद पाठवला नाही, याचा मला आजही संताप येतो.

पुढे 1850 पासून वेस्टर्न ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या कैदी जहाजांवर पहारेकरी म्हणून पेन्शनर शिपाईच जाऊ लागले. त्यांना तिथे जमिनी मिळाल्या.

1836 च्या आधीच्या आयरिश हद्दपारीच्या नोंदवह्या 1922 साली डब्लिनच्या आगीत गेल्या. नंतरच्या आहेत. नातेवाइकांनी माफीसाठी केलेले अर्जही कितीतरी उरलेत. तुमचं कोणी डब्लिनला असेल तर त्यांना नॅशनल आर्काइव्हजमध्ये जाऊन ते वाचायला सांगा. फेनियनांच्या आधी ते मागवा.