‘मदत पुरुषच करतात’ या मेसेजबद्दल खुलासा
रत्नागिरीकडच्या ग्रुपांवर फिरतंय: ‘बायका मदतीला येत नाहीत, पुरुषच येतात, हे मानसशास्त्रानं सिद्ध केलंय.’ हे अर्धवट आहे. अ‍ॅलिस ईगली आणि मॉरीन क्राउली या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये बाई-पुरुषांत कोण किती मदत करतं यावरचे आधीचे अभ्यास एकत्र तपासले. त्यांत पुरुष पुढे दिसले खरे, पण बहुतेक प्रसंग अनोळखी माणसाला घटकाभर मदत करण्याचे होते. धोका वाटला, लोक बघत असले की फरक वाढायचा. घरातली दीर्घ शुश्रूषा त्यांत जवळपास नव्हतीच. म्हणजे कशेडी घाटात स्टेपनी बदलून देणारा दादा मोजला गेला. सासूला डायलिसिससाठी पहाटेच्या एसटीनं नेणारी वहिनी नाही. (अवघड काम कुठलं, ते तुम्हीच बघा.) मदत जास्त मिळाली बायकांना, हेही मेसेजात गाळलंय. तो पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याखाली हे टाका.