स्पिटफायरचा ‘तिप्पट मारा’: मोजल्या गोळ्या, दावा मात्र माऱ्याचा

‘१९४० च्या ब्रिटनच्या लढाईत स्पिटफायर सेकंदाला दीडशे गोळ्या झाडत असे आणि जर्मनांचे मेसरश्मिट १०९ विमान अवघ्या पन्नास, म्हणजे ब्रिटिश विमानाचा मारा तिप्पट होता, त्याला तोफेची गरजच नव्हती आणि म्हणूनच जर्मनी हरला’, हा संदेश गेले काही महिने फिरतो आहे. नववीतल्या माझ्या भाच्याने तो जसाच्या तसा प्रकल्पाच्या वहीत उतरवला, तेव्हा मात्र गप्प बसवेना.

गोळ्यांचे आकडे बरोबर आहेत, अनुमान साफ चूक आहे. स्पिटफायरच्या आठ ब्राउनिंग मशीनगन मिनिटाला प्रत्येकी सुमारे १,१५० गोळ्या झाडत; पण एक गोळी जेमतेम ११ ग्रॅमची, म्हणजे सेकंदाला साधारण पावणेदोन किलो शिसे-पोलाद. मेसरश्मिटच्या पन्नासांपैकी सतराएक मात्र पंखांतल्या दोन २० मिलिमीटर तोफांचे गोळे होते. त्यांतला हलक्यात हलका गोळा ९२ ग्रॅमचा धरला, तरी दोन मशीनगनांसह एकूण वजन दोन किलोंच्या घरात जाते. शिवाय त्या पातळ कवचाच्या गोळ्याच्या पोटात १८ ग्रॅमच्या आसपास स्फोटक असे. साधी गोळी पत्र्याला पेन्सिलीएवढे भोक पाडून निघून जाते. हा गोळा आत शिरून फुटतो आणि पत्रा आतून फाडतो. अँथनी विल्यम्स आणि इमॅन्युएल गुस्टिन या अभ्यासकांनी विमानांच्या शस्त्रांची तुलना करताना स्फोटकाला वेगळे, भरघोस वजन दिले आहे ते याचसाठी. जो हिशेब गोळी आणि गोळा एकाच मापाने मोजतो, तो हिशेबच नव्हे.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. त्या जर्मन तोफेच्या डब्यात फक्त ६० गोळे मावत आणि ते सातेक सेकंदांत संपत. स्पिटफायरचा साठा पंधरा सेकंद पुरे. नवख्या वैमानिकाला गोळ्यांचा दाट फवारा उपयोगीही पडत असे.

पण तोफेची गरज नव्हती म्हणावे, तर त्याच उन्हाळ्यात ब्रिटिशांच्या १९ व्या स्क्वाड्रनला तोफांची स्पिटफायर का मिळाली? पातळ पंखात मावावी म्हणून हिस्पानो तोफ कुशीवर आडवी बसवली होती. रिकामी काडतुसे नीट बाहेर पडेनात, तोफ अडकू लागली आणि वैतागलेल्या वैमानिकांनी जुनी आठ मशीनगनांची विमाने परत मागून घेतली. दोष दूर होताच १९४१ पासून दोन तोफा आणि चार मशीनगन हीच स्पिटफायरची नेहमीची जोडणी झाली.

राहिला जर्मनी हरल्याचा मुद्दा. रडारची साखळी, जमिनीवरून होणारे नियंत्रण आणि लंडनवर जेमतेम काही मिनिटे लढू देणारे मेसरश्मिटचे इंधन, यांतले एकही कारण त्या संदेशात नाही.