कुकर लावून पाहिलेले सिनेमे

सिनेमांबद्दलची माझी मतं ठाम आहेत, पण त्यांतलं एकही अख्ख्या सिनेमावर आधारलेलं नाही. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या चौकटीला टेकून, हातात झारा धरून जेवढं दिसलं तेवढंच. समीक्षक मंडळी म्हणे अंधारात बसून वहीत टिपणं काढतात. त्यांना गॅसवरच्या दुधाकडे बघायला कोण सांगतंय!

या बैठकीवरून, म्हणजे उभ्यानं, मला सगळ्यांत आवडलेला मराठी सिनेमा म्हणजे चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’. कॅमेरा एका जागी ठेवलाय आणि तो हलायचं नाव घेत नाही. मी आत जाऊन आमटीला फोडणी देऊन आले, तरी सरकारी वकीलबाई कायद्याची कलमंच वाचत होत्या. आमच्यासारख्यांची इतकी कदर आजवर कुणी केली नव्हती. शेवटी मात्र पंचाईत झाली. कोर्टाला सुट्टी लागते, दिवे मालवले जातात, पडदा काळा होतो आणि काळाच राहतो. नाना, म्हणजे माझे सासरे, “बरा होता” म्हणून उठले. नवऱ्यानं रिमोट उचलला. आणि सिनेमा पुन्हा सुरू! न्यायाधीशमहाराज सहलीला निघालेले. नाना परत बसले खरे, पण तेव्हापासून पडदा काळा झाला की ते खुर्चीचा हात सोडत नाहीत. “थांबा रे, अजून असेल.”

‘सैराट’चंही तसंच. त्याचा शेवट आवाजाशिवाय आहे, हे सगळ्या महाराष्ट्राला 2016 पासून माहीत आहे. आमच्या घरात एक माणूस सोडून. नवऱ्याला वाटलं टीव्ही बिघडला. नागराज मंजुळेंनी जपून ठेवलेल्या त्या शांततेत तो आवाज वाढवत राहिला. वाढवत राहिला. मग जाहिरात लागली आणि शेजारच्या काकूंनी दार वाजवलं.

मालिकांना नावं ठेवायची पद्धत आहे. मी ठेवणार नाही. मालिका डोळ्यांनी बघायची वस्तूच नाही, ती कानांनी बघायची असते. “अगं सुलभा, तू तर माझ्या धाकट्या दिराची बायको!” असं सुलभालाच सांगणारी जाऊ टिंगलीला सोपी आहे. पण ती सुलभाशी बोलतच नाहीये. ती माझ्याशी बोलतेय, मी आत कणीक मळत असल्यामुळे. वीज कडाडली की खलनायिका आली, बासरी वाजली की नायिका रडली. मान वळवायची गरज नाही. ‘चार दिवस सासूचे’ 2001 ला सुरू झाली आणि 2013 पर्यंत चालली. भाग झाले 3000 च्या वर. आमच्या आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, मधली काही वर्षं तर नुसत्या मटार सोलत ऐकली. कथानक एका जागी नीट उभं असायचं. माझे सासूचे चार दिवस अजून चालू आहेत, पण तो विषय वेगळा.

खरी पीडा आता सुरू झालीय. हल्लीचे कार्यक्रम डोळे मागतात. ‘पॅरासाईट’चे दिग्दर्शक बाँग जून-हो 2020 साली गोल्डन ग्लोब घेताना म्हणाले, की सबटायटल्सची एक इंचाची भिंत ओलांडा, पलीकडे कितीतरी उत्तम सिनेमे आहेत. असतीलही. माझा तवा अलीकडे आहे. त्या गरीब कोरियन कुटुंबानं श्रीमंतांच्या घरात शिरकाव कसा केला हे मी दर चार ओळींतली एक वाचून समजून घेतलं, आणि त्या रात्रीच्या पोळ्यांबद्दल घरात कुणी चकार शब्द काढला नाही. सबटायटल्स वाचत होते सगळे.

आणि तो अंधार! ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या इंग्रजी मालिकेचा 2019 सालचा मोठ्या लढाईचा भाग आठवा. दुपारी लावला, तर पडद्यावर आमचाच हॉल दिसत होता: मी, नाना, वाळत घातलेले टॉवेल. जगभरातून ओरड झाली तेव्हा छायाचित्रकारानं सांगितलं, दोष चित्रीकरणाचा नाही, लोकांनी टीव्हीचं सेटिंग नीट केलेलं नाही. मीठ जास्त झालं की आता मीही तेच म्हणते.

जुन्या सिनेमांची काळजी नसते. ‘सूर्यवंशम’ची सुरुवात पाहिलेला माणूस मला अजून भेटायचाय, सगळे विषारी खिरीच्या आसपासच शिरतात. ‘अशी ही बनवाबनवी’ तर आमच्याकडे मुकाच लावला तरी चालेल. “धनंजय माने इथेच राहतात का?” हे वाक्य तोंडातून निघण्याआधी हॉलमधून चार आवाजांत निघतं. लक्ष्मीकांत बेर्डे ते कसं म्हणतात हे मी विसरूनही गेलेय. आणि लेक? तो सागरांचं ‘रामायण’ मोबाईलवर दीडपट वेगानं बघतो. म्हणतो, आता कुठे बाण बाणासारखे जातात.

गेल्या महिन्यात त्यानं कॉलेजच्या फिल्म क्लबातून एक बेल्जियन सिनेमा आणला. 1975 चा, दिग्दर्शिका शांताल आकरमान. ‘साईट अँड साउंड’ या ब्रिटिश सिनेमासिकाच्या 2022 च्या कौलात समीक्षकांनी तो जगातला सर्वोत्तम ठरवला. लांबी तीन तास वीस मिनिटं. ‘झान दिएलमान’ म्हणतात त्याला, पण पूर्ण नावात घर नंबर, रस्ता आणि ब्रुसेल्स 1080. “पिनकोडसकट?” नाना पोस्टात होते, ते लगेच सरसावून बसले.

त्यात एक विधवा बाई तीन दिवस घरकाम करते. बटाटे सोलते, भांडी घासते, खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करते. मी चौकटीतून बघत होते, मग केव्हा बसले कळलंच नाही. बाई काम करत होती ना, आणखी एकीची गरज नव्हती. आई तर पडद्याला चिकटल्या. “साल किती जाड काढतेय बघ.” मधूनच एखादा पुरुष घरी येतो, थोड्या वेळानं पैसे देऊन जातो. तो कोण, हे आईंना सांगायला कुणी धजेना. “पेइंग गेस्ट असेल,” त्या स्वतःच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बाईचे बटाटे जास्त शिजतात. लेक समजावून सांगणार, की इथून तिची घडी विस्कटत जाते, तोच आई म्हणाल्या, “बटाट्याचा लगदा केलाय हिनं. आता कुणाचं तरी काही खरं नाही.”

तिसऱ्या दिवशी कात्री निघाली आणि खरंच कुणाचं काही खरं राहिलं नाही.

सिनेमा संपला. पडदा काळा झाला, म्हणून नाना अजून बसूनच होते. लेकाला भूक लागली होती. “बटाटे आहेत,” मी म्हटलं आणि उठले.

“तू बस,” नवरा घाईघाईनं म्हणाला. “मी सोलतो.”